पाषाणाच्या वाटेने देशदर्शन

भारतासारखा विस्तीर्ण देश पाहावयास निघालेल्या प्रवाशाची मती प्रथम कुंठित होते ती स्थळांच्या वैपुल्याने. सुमारे ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटरांच्या या भूमीवर हिमशिखरे आहेत आणि वाळवंटेही आहेत, अखंड पर्जन्याची अरण्ये आहेत आणि पावसाच्या थेंबासाठी आसुसलेली पठारेही आहेत. आणि या प्रत्येक प्रदेशात मनुष्याने दोन-अडीच हजार वर्षांच्या अवधीत जी लेणी खोदली, जी मंदिरे, मशिदी, मकबरे, किल्ले आणि राजवाडे उभारले, त्यांपैकी निवडक तेवढे पाहावयाचे म्हटले तरी एक आयुष्य पुरे पडू नये. अशा वेळी प्रवासी सामान्यतः एखादी यादी हाती घेतो, आज आग्रा, उद्या जयपूर, परवा अजिंठा अशा क्रमाने ती संपवितो, आणि घरी परतल्यावर त्याच्या स्मरणात स्तंभ, कमानी आणि कळस यांची अशी काही सरमिसळ होऊन बसते की, कोणती वस्तू कोठली आणि ती तशीच का घडली, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

या गोंधळातून सुटण्याचे मार्ग अनेक आहेत. कोणी नद्यांच्या काठाने हिंडतो, कोणी राजवंशांच्या अनुक्रमाने जातो, कोणी तीर्थक्षेत्रांची परंपरा धरतो. या प्रकरणात वाचकांपुढे जो मार्ग ठेवावयाचा आहे तो याहून सोपा आहे आणि त्यासाठी सनावळ्या पाठ असण्याची गरज नाही: ज्या स्थळी आपण जाऊ तेथील दगड प्रथम पाहावा. आगगाडी आणि मालमोटारी येण्यापूर्वी बांधकामाचा दगड दूरवरून आणविणे केवळ सम्राटांच्या खजिन्यालाच झेपत असे. इतर सर्वांना आपल्या पायाखालच्या खडकाशी जमवून घ्यावे लागले, आणि त्या खडकाचे काठिण्य, त्याचा रंग, त्याचे थर आणि त्याचा कण यांनीच पाथरवटाच्या हाताला वळण लावले. भारतीय वास्तूंचे वैचित्र्य हे पुष्कळ अंशी भारताच्या भूगर्भाचे वैचित्र्य आहे, हे एकदा ध्यानात आले म्हणजे अजिंठ्यापासून जैसलमेरपर्यंतची स्थळे एका सूत्रात आपोआप ओवली जातात.

आरंभ महाराष्ट्रापासून करणे सोयीचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि ते थिजून जो काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, तयार झाला त्याने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांचा मुलूख व्यापलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यानंतर जे आडवे हिरवे-काळे पट्टे दिसतात ते या थरांचेच होत. हा खडक टणक आणि एकसंध असल्यामुळे डोंगराच्या पोटात मोठी पोकळी खोदली तरी वरचे छत तग धरून राहते. आणि म्हणूनच ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासून भाजे, कार्ले, नाशिक, जुन्नर, अजिंठा अशा ठिकाणी लेणी खोदण्याची विद्या येथे फोफावली. कार्ल्याचे चैत्यगृह या प्रकारातील देशातले सर्वांत मोठे. त्याच्या दगडी छताला लावलेल्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांनंतरही मूळ जागी आहेत, आणि लाकडात घर बांधणारा मनुष्य दगडाकडे वळला त्या संक्रमणाची ती प्रत्यक्ष साक्ष आहे.

अजिंठ्यास जाणारे बहुतेक प्रवासी पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांतील चित्रे पाहून कृतार्थ होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु हे काम झाले कसे, हे ज्याला जाणावयाचे आहे त्याने अपुऱ्या राहिलेल्या चोविसाव्या लेण्यात काही वेळ अवश्य थांबावे. तेथे अर्धवट सुटे केलेले खांब खडबडीत अवस्थेत उभे आहेत आणि टाकीचे घाव कालच घातल्यासारखे स्पष्ट दिसतात. लेणे खोदताना छत प्रथम पुरे करीत आणि मग खाली उतरत जात, त्यामुळे परांची बांधण्याचा प्रसंगच येत नसे. ज्या खडकावर पाय ठेवून कारागीर छत घडवी तोच खडक पुढे खोदून बाहेर काढला जाई. भिंती मुद्दाम खडबडीत ठेवून त्यांवर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा देत, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवीत आणि तो वाळल्यानंतर चित्रे रंगवीत. काळा, सच्छिद्र बेसाल्ट अतिसूक्ष्म कोरीव कामाला फारसा अनुकूल नाही. त्याची ही उणीव चित्रकाराच्या कुंचल्याने भरून काढली, आणि त्यासाठी लागणारा निळा रंग अफगाणिस्तानातल्या खाणींतील लाजवर्दापासून मिळविला, यावरून पाचव्या शतकातील वाकाटकांच्या अंमलात या निर्जन दरीचे नाते किती दूरच्या बाजारपेठांशी जुळले होते याची कल्पना यावी.

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी सोळावे, म्हणजे कैलास लेणे, ही या विद्येची परमावधी. आठव्या शतकात राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याच्या काळात डोंगर माथ्यापासून खाली खोदीत आणून, सुमारे तीस मीटर खोलीपर्यंत भोवतालचा खडक काढून टाकून, मध्ये उरलेल्या प्रस्तरातून हे मंदिर घडविले गेले. बांधलेल्या इमारतीत चुकलेला चिरा काढून दुसरा बसविता येतो. येथे एकदा उडालेला दगड पुन्हा जोडण्याची सोय नव्हती, म्हणजे शिखरावर पहिला घाव पडण्यापूर्वी पायथ्याच्या हत्तींपर्यंतचा सारा आराखडा सूत्रधाराच्या मनात निश्चित असला पाहिजे. तो मनात होता तरी कोठून, याचे उत्तर आपल्याला दक्षिणेकडे नेते आणि त्यासाठी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

कांचीपुरम येथे पल्लवांनी आठव्या शतकाच्या आरंभी कैलासनाथाचे मंदिर बांधले. पुढे बदामीच्या चालुक्य घराण्यातील दुसरा विक्रमादित्य (इ. स. ७३३ ते ७४४) याने कांची जिंकली, परंतु त्याने त्या मंदिराची संपत्ती न लुटता देवास परत अर्पण केली, असे त्या मंदिराच्याच एका खांबावर कन्नड लिपीत कोरून ठेवलेले आहे. या विजयाच्या स्मरणार्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने मलप्रभेच्या काठी पट्टदकल येथे विरूपाक्षाचे मंदिर उभारले, आणि त्याची मांडणी कांचीच्या मंदिराशी जुळती आहे. चालुक्यांची सत्ता राष्ट्रकूटांनी हिरावून घेतल्यावर काही दशकांच्या आत वेरूळला कैलास अवतरला, आणि तो विरूपाक्षाच्या धर्तीवर आहे. राज्ये एकमेकांच्या उरावर बसली तरी शिल्पविद्या जित-जेत्यांची हद्द ओलांडून अखंड चालत राहिली. पट्टदकलच्या तांबूस वालुकाश्मात जे चिऱ्यावर चिरा ठेवून रचले तेच वेरूळच्या काळ्या कातळात वरून खाली खोदले गेले. ही दोन्ही मंदिरे एकाच प्रवासात पाहणाऱ्यास जे शिक्षण मिळते ते दहा ग्रंथ वाचूनही मिळणार नाही.

बेसाल्टचा आणखी एक उपयोग मराठ्यांनी जाणला. सह्याद्रीचे उभे कडे ही निसर्गाने दिलेली तटबंदी. जेथे ती अपुरी पडे तेथे कडा तासून आणि बुरूज जोडून काम भागविले जाई. २०२५ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. बारावा जिंजी मात्र तामिळनाडूत आहे आणि तेथे पाऊल ठेवताच पाषाण पालटलेला दिसतो. रायगडावर पायरी-पायरीने चढणारे थर आहेत, तर जिंजीच्या टेकड्या म्हणजे एकमेकांवर रचलेल्या गोलाकार ग्रॅनाइटच्या राशी आहेत. १६७७ साली शिवाजी महाराजांनी जिंकलेल्या याच दुर्गाने पुढे छत्रपती राजाराम महाराजांना आश्रय दिला आणि मोगलांच्या प्रदीर्घ वेढ्यास तोंड देऊन राज्य वाचविले.

ग्रॅनाइट हा दक्षिणेचा पाषाण. तुंगभद्रेच्या काठी हंपीच्या परिसरात जे प्रचंड धोंडे विखुरलेले आहेत त्यांचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे, म्हणजे सह्याद्रीहून कितीतरी पट अधिक; आणि विजयनगरच्या कारागिरांनी १३३६ ते १५६५ या काळात जी राजधानी वसविली तिचे मंडप, बाजारपेठा, कालवे आणि तट या धोंड्यांतूनच काढले. हे कसे काढले ते आजही वाटेच्या कडेला पाहता येते. एखाद्या मोठ्या शिळेच्या अंगावर हातभर अंतरातच एका सरळ रेषेत खोदलेल्या चौकोनी खाचांची ओळ असते. त्या खाचांत पाचरी बसवून क्रमाने घाव घालीत गेले की शिळा त्या रेषेवर दुभंगते. काही ठिकाणी खाचा पाडून झाल्या आणि काम तेथेच थांबले, तर काही ठिकाणी शिळेचा अर्धा भाग नेलेला असून उरलेल्या अर्ध्याच्या कडेवर त्याच खाचा दातांप्रमाणे दिसतात. ग्रॅनाइट छिन्नीला सहजी वश होत नाही. म्हणून दक्षिणेतील शिल्पांत सूक्ष्म नक्षीपेक्षा भरदार, निश्चयी आकारांवर भर दिसतो. मामल्लपुरम येथे सुमारे नव्वद फूट रुंदीच्या कातळावर पल्लवांनी देव, ऋषी, हत्ती आणि नाग यांचा जो समुदाय कोरला आहे, त्यात खडकाला असलेली नैसर्गिक भेग हीच नदीचा प्रवाह म्हणून योजली आहे. पाषाणाचा दोष तोच रचनेचा गाभा करण्याची ही बुद्धी असामान्य होय.

तंजावर कावेरीच्या गाळाच्या प्रदेशात आहे आणि तेथे बांधकामाचा दगड मुळीच नाही. असे असता पहिल्या राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या बृहदीश्वराचे साठ मीटरांहून उंच विमान संपूर्ण ग्रॅनाइटचे आहे. एवढा दगड दुरून वाहून आणविणाऱ्या राज्याची दौलत आणि बंदोबस्त किती मोठा होता हे सांगण्यास दुसऱ्या पुराव्याची आवश्यकता नाही. मराठी प्रवाशाने या मंदिराच्या प्राकाराच्या भिंतीपाशी विशेष थांबावे. कारण तंजावरच्या सरफोजी महाराजांच्या आज्ञेने १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास तेथे मराठीत कोरविला गेला, आणि तो देशातील सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक गणला जातो. चोळांच्या मंदिरावर, तमिळ भूमीत, कठीण ग्रॅनाइटमध्ये कोरलेला आपल्या भाषेचा हा मजकूर प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी स्वतः वाचावा.

उत्तरेकडे वळताच वालुकाश्माचे राज्य सुरू होते. प्राचीन जलाशयांच्या तळाशी वाळू थराथराने साचून हा खडक बनलेला असल्यामुळे तो फरशांच्या रूपाने निघतो, छिन्नीला सुलभ असतो आणि पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत अनेक छटा धारण करतो. भोपाळजवळच्या भीमबेटका येथे या खडकाच्या कपारींत अश्मयुगीन माणसाने निवारा घेतला आणि चित्रे काढली. १९५७ साली त्या कपारींचा शोध लावणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे उज्जैनचे मराठी संशोधक होत. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर, हे काम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केले, असा लेख आहे. हस्तिदंतावर चालणारे हात मऊ वालुकाश्मावर किती सहज चालले असतील हे त्या तोरणांच्या कोरणीवरूनच समजते. खजुराहोच्या चंदेल्ल शिल्पांची कांती या दगडाच्या बारीक, एकसारख्या कणामुळे आली आहे. फत्तेपूर सिक्री तर तांबड्या वालुकाश्माची नगरीच: १५७१ पासून अकबराने उभारलेल्या या राजधानीत खांब, तुळया, घोडे आणि झरोके यांची जोडणी सुताराने लाकडाची करावी तशी दगडी फरशांची केलेली आहे. जैसलमेरच्या हवेल्यांत पिवळ्या दगडाच्या जाळ्या इतक्या नाजूक आहेत की मरुभूमीचा प्रखर प्रकाश त्यांतून गाळून आत येतो.

कर्नाटकातील बेलूर आणि हळेबीड येथे आपल्याला ग्रॅनाइटच्या उलट टोकाचा अनुभव येतो. १११७ साली विष्णुवर्धन होयसळाने बेलूरच्या मंदिराचे काम आरंभिले तेव्हा त्याच्या कारागिरांना जो शंखजिऱ्याच्या जातीचा दगड मिळाला, तो खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्या हवेत राहून पुढे कठीण होतो. या एका गुणधर्माने होयसळ शिल्पाचे स्वरूप ठरविले. चरकावर फिरवून काढल्यासारखे गुळगुळीत खांब, आणि देवतांच्या गळ्यातील हार असे कोरलेले की दगड आणि दागिना यांच्या मधून दोरा ओवता यावा. असली कारागिरी ग्रॅनाइटमध्ये केवळ अशक्य. आणखी एक गोष्ट येथे पाहावी. देशात अन्यत्र शिल्पकार बहुधा अनाम राहिले, येथे मात्र मूर्तीच्या पायथ्याशी त्यांनी आपली नावे कोरली. याच शैलीच्या सोमनाथपूरच्या मंदिरात मल्लितम्म हे नाव पुनःपुन्हा आढळते.

संगमरवर हा चुनखडकावर भूगर्भातील उष्णता व दाब यांचा संस्कार होऊन बनलेला दगड. त्याच्या पृष्ठाखाली किंचित खोलवर प्रकाश शिरतो आणि परततो, म्हणूनच मकराण्याच्या खाणींतून शेकडो किलोमीटर वाहून आणलेल्या संगमरवराचा ताजमहाल प्रहराप्रहराला वेगळा भासतो. १६३२ साली आरंभिलेल्या या वास्तूत पांढऱ्या फरशीत खाच पाडून तीत लाजवर्द, अकीक यांसारखे रत्नपाषाण बसविण्याची पच्चीकारी अगदी जवळून पाहावी: एका फुलाच्या पाकळीत छटा साधण्यासाठी अनेक तुकडे जोडले आहेत आणि त्यांवरून बोट फिरविले तरी सांधा लागत नाही. अबूच्या पहाडावरील दिलवाडा येथे १०३१ चे विमलवसही आणि १२३० चे लूणवसही ही जैन मंदिरे बाहेरून अगदी साधी आहेत. आत छताचे लोलक आणि कमळे इतकी पातळ कोरली आहेत की त्यांतून उजेड झिरपतो. मनुष्याचा हात न लागलेला संगमरवर पाहावयाचा तर जबलपूरजवळ भेडाघाटास जावे, जेथे नर्मदा शुभ्र कड्यांमधून वाट काढते.

आणि जेथे दगडच नाही तेथे काय? बंगालच्या गाळाच्या प्रदेशात विष्णुपूरच्या मल्ल राजांनी सतराव्या शतकात विटांची मंदिरे बांधून त्यांवर भाजलेल्या मातीचे शिल्पफलक बसविले, आणि छपरांना गावातील बांबूच्या झोपडीचा बाक दिला. स्पितीच्या खोऱ्यात, जेथे पाऊस नाममात्र पडतो, तेथे ९९६ साली स्थापन झालेला ताबोचा विहार निव्वळ मातीचा असून आजही उभा आहे. याउलट मेघालयात, जेथे जगातील सर्वाधिक पर्जन्य होतो आणि बांबूचे साकव लवकर कुजतात, तेथे खासी लोकांनी रबराच्या वडाची मुळे ओढ्यावरून पलीकडे वळवून जिवंत पूल वाढविले; त्यांना पूर्णत्व यावयास एक पिढी लागते आणि नंतर ते वर्षानुवर्षे अधिकच बळकट होत जातात.

पाषाणाच्या या प्रवासात कोणार्कला न गेल्यास एक महत्त्वाचा धडा राहून जाईल. तेराव्या शतकात पहिल्या नरसिंहदेवाने चोवीस चाकांच्या रथाच्या रूपात उभारलेल्या या सूर्यमंदिराचा बराचसा दगड खोंडालाइट जातीचा आहे. त्यातील काही खनिजांची हवेने माती होते आणि समुद्रावरचा खारा वारा त्या क्षयास हातभार लावतो. त्यामुळे बाहेरील असंख्य मूर्तींचे चेहरे झिजून सपाट झाले आहेत. मात्र त्याच मंदिरातील सूर्यमूर्ती आणि द्वारशाखा हिरवट काळ्या क्लोराइट दगडाच्या असल्यामुळे त्यांवरील नक्षी अद्याप तीक्ष्ण आहे. एकाच छायेत उभे राहून हे दोन पाषाण पाहिले म्हणजे दगडही मर्त्य आहे, आणि त्याचे आयुष्य त्याच्या जातीवर व आपल्या काळजीवर अवलंबून आहे, हे मनावर ठसते.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. एका प्रवासात सारा देश पाहण्याचा हव्यास धरू नये. एक पाषाण धरावा आणि त्याचा मुलूख निवांत पाहावा. बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे ही स्थळे चाळीस किलोमीटरांच्या आत आहेत. बेलूर व हळेबीड यांत सोळा किलोमीटरांचेच अंतर आहे. आग्र्याहून फत्तेपूर सिक्री एका दिवसात होते. अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी आणि ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, याची नोंद आधीच घ्यावी. कोरीव काम सकाळी किंवा उतरत्या उन्हात पाहावे, कारण तिरप्या प्रकाशात उठाव स्पष्ट होतो आणि माध्यान्हीच्या उन्हात तो सपाट दिसतो.

शेवटी एक विनंती. आपल्या देशात क्वचितच एखादे प्राचीन स्थळ असे असेल की जेथे कोणा प्रवाशाने खिळ्याने आपले नाव कोरून ठेवलेले नाही. १९५८ च्या कायद्यान्वये, २०१० च्या दुरुस्तीनंतर, संरक्षित स्मारकाची अशी विद्रूपता करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु कायद्याचा धाक प्रत्येक खांबापाशी उभा करता येत नाही, तेथे प्रवाशाचा विवेकच पहारेकरी व्हावा लागतो. तेव्हा दूरच्या प्रवासास निघण्यापूर्वी वाचकाने आपल्याच गावच्या जुन्या मंदिराशी किंवा किल्ल्याच्या तटाशी जावे, त्याचा चिरा कोणत्या जातीचा, तो कोणत्या खाणीतून आला, त्यावर टाकीचे घाव कसे पडले आहेत, हे वृद्धांना विचारून आणि स्वतः न्याहाळून पाहावे, आणि मुलाबाळांनाही ते दाखवावे. ज्याने आपल्या अंगणातला दगड ओळखला, त्याला देशातील कोणतेही स्थळ परके वाटणार नाही, आणि त्याच्या हातून त्यावर ओरखडाही उठणार नाही.